कंपवात आणि खाजकुयली : औषध खरे, घरगुती प्रयोग मात्र नको

पावसाळ्यात रानात व कुंपणावर चढणारी खाजकुयली बहुतेक शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. शेंगेवरील लव अंगाला लागताच असह्य खाज सुटते, म्हणून तिला कोणी जवळ करीत नाही. परंतु याच वेलाचे बी, म्हणजे बाजारातील कवचबीज, कंपवातावरील संशोधनात महत्त्वाचे ठरले आहे.

कंपवात कशामुळे होतो?

मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट झाल्याने हात थरथरणे, हालचाल मंदावणे व स्नायू ताठरणे ही लक्षणे दिसतात. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

बियांतील औषधी घटक

कवचबीजात साधारणपणे ३ ते ६ टक्के लेव्होडोपा असते. मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली ते या बियांतून वेगळे केले. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. १९६० च्या दशकापासून लेव्होडोपा हेच या आजारावरील प्रमुख औषध आहे. लंडन येथे २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कवचबीजाच्या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीच्या सुमारे निम्म्या वेळात दिसला.

मात्र लक्षणे कमी होणे वेगळे आणि पेशींचे संरक्षण होणे वेगळे. कवचबीज, अश्वगंधा, ब्राह्मी व हळद यांच्या अर्कांनी प्राण्यांवरील प्रयोगांत आशा दाखविली आहे. माणसात असे संरक्षण अद्याप सिद्ध झालेले नाही.

घरी काय टाळावे?

१) कच्चे बी खाऊ नये. मळमळ व उलट्या होतात.
२) गोळ्या चालू असताना चूर्ण देऊ नये. मात्रा दुप्पट होऊन अंगाच्या अनैच्छिक हालचाली, भास व रक्तदाब उतरणे असे त्रास संभवतात.
३) बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते, म्हणून चमच्याने मात्रा ठरत नाही.
४) डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.

लागवड करावयाची असल्यास

बिनखाजेचा लागवडीचा प्रकार निवडावा. पाण्याचा निचरा होणारी जमीन घ्यावी. पावसाच्या सुरुवातीस बी टोकून वेलांना काटक्यांचा आधार द्यावा. पीक द्विदल असल्याने जमिनीस नत्र मिळते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात प्रथम थोड्या क्षेत्रावर पाहावे आणि खरेदीदार ठरल्याशिवाय क्षेत्र वाढवू नये.

खरे संरक्षण आपल्या हाती

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, असे नाही. डेरिसच्या मुळांपासून मिळणाऱ्या रोटेनोन या कीटकनाशकाने उंदरांत कंपवातासारखी लक्षणे निर्माण झाली. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोटेनोन आणि पॅराक्वाट हे तणनाशक वापरणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला. म्हणून फवारणीच्या वेळी हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. औषध हाताने ढवळू नये. काम संपताच साबणाने आंघोळ करावी. घरातील कोणाचा हात थरथरू लागल्यास मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावे आणि कोणकोणती औषधे फवारली, हेही त्यांना सांगावे.