तडे शोधणारं यंत्र आणि घुमटाखालची प्रार्थना

रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाचा घुमट मायकेलअँजेलोने आखला, पण तो पुरा झाला त्याच्या मृत्यूनंतर, 1590 मध्ये. आतून सुमारे 42 मीटर रुंद, आणि टोकावरचा क्रूस जमिनीपासून तब्बल 136 मीटर उंच. एवढं वजन कडेच्या बाजूने बाहेर रेटा देणारच. 1740 च्या सुमारास घुमटातले तडे इतके ठळक दिसू लागले की तो कोसळतो की काय, या धास्तीने रोमला घेरलं.

त्या वेळचे पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तीन गणितज्ञांना बोलावलं : ल सर, जाकिए आणि बॉस्कोविच. तिघेही संन्यस्त धर्मसंघांतले; बॉस्कोविच जेझुइट. तिघांनी तडे कुठे आणि कसे गेलेत ते नोंदवलं, रेट्याचा हिशेब मांडला आणि घुमटाला आणखी लोखंडी कडी आवळायला सांगितली. मायकेलअँजेलोने असलं गणित न करताच घुमट आखला, मग आता ते कशाला, असं म्हणणारेही होतेच. मग पादुआचे प्राध्यापक जोव्हानी पोलेनी यांचं मत मागवण्यात आलं. पोलेनींनी मनातल्या मनात घुमटाच्या कलिंगडासारख्या 50 फोडी केल्या, एका फोडीचे 32 तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचं वजन काढलं आणि त्या प्रमाणातले 32 गोळे ओवून ती माळ दोन टोकांना टांगली. लोंबत्या माळेला जो बाक येतो तो उलटा करून पाहिला, की दगडी बांधकामातला दाब कोणत्या वाटेने खाली उतरतो ते कळतं. ती वाट घुमटाच्या जाडीच्या आतच राहत होती. म्हणजे घुमट लगेच पडणार नव्हता! तरी कडी हवीत, हे पोलेनींनाही पटलं. वास्तुविशारद वानव्हितेल्ली यांनी पाच कडी बसवली; जुन्यांपैकी एक तुटलेलं सापडल्यावर 1748 मध्ये सहावं बसलं.

मला या हकिगतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की गणितज्ञांना बोलावल्याने पोपच्या प्रार्थनेला कुठे बाध आला नाही. पण प्रार्थनेविषयीचा एक जुना प्रश्न उरतोच : देवाला सगळं ठाऊक असेल आणि त्याचा संकल्प बदलत नसेल, तर मागायचं कशाला? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात हा प्रश्न सरळ अंगावर घेतला आहे. त्यांचं उत्तर असं : काय घडावं एवढंच देव ठरवत नाही, ते कोणत्या कारणांतून घडावं हेही ठरवतो. माणसाची कृती हे असं एक कारण, आणि त्याची प्रार्थना हेही. देवाचं मन वळवायला आपण प्रार्थना करत नाही; जे प्रार्थनेतूनच मिळावं असं त्याने योजलंय, ते मिळावं म्हणून करतो. हे मान्य केलं की लोखंडी कडं आणि जोडलेले हात यांत भांडण उरत नाही.

आता 2024 मध्ये येऊ. बॅसिलिकाची देखभाल पाहणारी ‘फाब्रिका दि सान पिएत्रो’, मायक्रोसॉफ्ट आणि पुरातन वास्तूंचं चित्रण करणारी फ्रेंच कंपनी आयकोनेम यांनी मिळून ड्रोन, कॅमेरे आणि लेझर वापरून या वास्तूचे चार लाखांहून अधिक फोटो घेतले. पूर्वी जिथे परांची बांधून किंवा दोराला लटकून कारागीर पोचत, तिथे ड्रोन अलगद जाऊन उभा राहतो. एकच कोपरा वेगवेगळ्या जागांवरून टिपलेला असला, की कोनांच्या हिशेबाने त्याची नेमकी जागा काढता येते. अशा असंख्य बिंदूंतून अख्ख्या बॅसिलिकाची त्रिमितीय प्रतिकृती तयार झाली, आणि तडे व मोझेकचे निखळलेले तुकडे हुडकायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली गेली.

यंत्राला तडा ‘दिसतो’ म्हणजे काय? अशा प्रणाली साधारणपणे कशा चालतात ते अगदी जवळून पाहू. संगणकासाठी फोटो म्हणजे नुसते आकडे; उजळ ते मोठे, काळसर ते लहान. उजळ दगडावरचे शेजारशेजारचे तीन बिंदू घ्या : 200, 200, 200. मधल्याची दुप्पट करा, त्यातून दोन्ही शेजारी वजा करा. उत्तर शून्य. आता मधून बारीक चीर गेली आहे : 200, 90, 200. तीच रीत, उत्तर उणे 220. दगड गप्प राहिला, चीर बोलली! हाच बारका हिशेब फोटोभर सरकवत न्यायचा, असे पुष्कळ हिशेब थरांवर थर रचायचे, म्हणजे वरच्या थरांना वळणं, फाटे, मोझेकच्या निखळलेल्या तुकड्याची मोकळी खाच असं काहीबाही ओळखू येतं. आणि नवल पुढेच आहे. ‘दुप्पट करा, वजा करा’ हे त्या यंत्राला कोणी सांगितलेलं नसतं. जाणकारांनी तडे रंगवून दाखवलेले फोटो त्याच्यापुढे ठेवतात, ते चुकतं, आणि प्रत्येक चुकीनंतर आतले आकडे किंचित हलवले जातात. हजारो वेळा चुकत चुकत ती रीत त्याची त्यालाच सापडते.

फसायच्या जागाही खूप. दगडांमधला सांधा, वायर, सावली, सगळं चिरेसारखंच दिसतं. शिवाय तडे विरळ असतात. 100 फोटोंत एकातच तडा असेल, तर डोळे मिटून ‘तडा नाही’ म्हणणारं यंत्रही 99 टक्के बरोबर ठरेल आणि कवडीच्या कामाचं नसेल. म्हणून शिकवताना सुटलेल्या तड्याची शिक्षा जास्त ठेवतात, आणि यंत्राने काढलेली संशयितांची यादी शेवटी माणूसच तपासतो.

ती यादी यंत्राने काढावी, याचं कारण आपल्या लक्ष देण्याच्या ताकदीत आहे. चार लाख फोटोंना प्रत्येकी दहा सेकंद दिले तरी 1,100 तास होतात. एवढा वेळ कोणाचं लक्ष टिकतं? यंत्राला शेवटचा फोटो पहिल्याइतकाच ताजा.

त्याच घुमटाखाली मात्र ज्यांचं लक्ष उडतं अशीच माणसं गुडघे टेकून बसलेली असतात. वसईत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्यांना किंवा गोव्यात संध्याकाळी तीच ‘तेर्स’ म्हणून म्हणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको : ओठ चालू असतात आणि मन चुलीपाशी. अक्वायनस यांनी याचाही विचार केला आहे. लक्ष तीन प्रकारचं असतं, असं ते म्हणतात : शब्द चुकू नयेत म्हणून शब्दांकडे, अर्थाकडे, आणि ज्याची प्रार्थना करायची त्या देवाकडे. तिसरं सगळ्यात गरजेचं, आणि ते अडाण्यालाही साधतं. मुद्दाम नव्हे तर दुबळेपणाने मन भरकटलं, तरी प्रार्थनेला बसताना जो हेतू धरला होता त्याच्या बळावर ती प्रार्थना फुकट जात नाही. मनाला मिळायचा आनंद हुकतो, तेवढंच नुकसान.

किती मोठा दिलासा आहे हा! यंत्राचं लक्ष अढळ आहे, पण ते कोणाकडे वळलेलं नाही. त्याच्यापुढे कोणी नसतोच, आकडे असतात. प्रार्थना करणाऱ्याचं लक्ष पदोपदी तुटतं, पण त्याच्या समोर कोणीतरी आहे. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू जाँ व्हियाने यांच्या वेळचा एक शेतकरी चर्चमध्ये देवापुढे काही न बोलता तासन्‌तास बसायचा. मी त्याच्याकडे पाहतो आणि तो माझ्याकडे, एवढाच त्याचा खुलासा. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात प्रार्थनेवरचा जो चौथा भाग आहे, त्यात ध्यानमय प्रार्थना समजावताना याच शेतकऱ्याचा दाखला दिला आहे.

बॅसिलिकाची ती प्रतिकृती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. सवडीने घुमटाच्या आतल्या बाजूपर्यंत जा आणि मोझेक जवळून बघा. खाली उभं राहून जे एकसंध चित्र वाटतं, त्यातला एकेक तुकडा हाताने बसवलेला आहे, आणि त्यातला एखादा निखळला तर तो परत बसवायला आजही कारागिराचाच हात लागतो.