एका वाकळेखालच्या बाया

बीडहून नगरच्या वाटेला लागलं, पाटोदा सोडलं, सौताड्याचा धबधबा मागं पडला की जामखेड येतं. जिल्हा बदलतो, पण तीच बरड जमीन, तोच रुसलेला पाऊस आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याकडं निघणारी तीच बिऱ्हाडं. इथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत माणसांचा दवाखाना मांडला. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट' हे त्याचं कागदावरचं लांबलचक नाव. जगभरच्या आरोग्य क्षेत्रात मात्र नुसतं 'जामखेड' म्हटलं तरी पुरतं.

दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, १९६० साली लग्न केलं, आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी वेचायचं हे लग्नाच्या दिवशीच ठरवून टाकलं. पुढं अमेरिकेत जाऊन आले, तरी तो शब्द राहिला. ख्रिस्ती प्रेमावर प्रवचनं ऐकायला पुष्कळ मिळतात. जामखेडचं वेगळेपण असं, की इथं ते प्रेम जेवणाच्या पंगतीत, झोपायच्या जागेत आणि पाण्याच्या पंपावर दिसतं. धर्म बदलण्याची अट कुणालाच नव्हती.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना गावोगाव ठेवून पाहिलं. जमलं नाही. परक्या पोरीला गावात करमेना, आणि गावाला तिचं म्हणणं पटेना. मग आरोग्याच्या कामासाठी गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेल्या त्यांतल्या बऱ्याच निरक्षर. कुणी दलित वस्तीतली, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. स्वतःचं नाव विचारलं तरी मान खाली. कुणाची सून, कुणाची बायको, कुठल्या गावची, एवढं सांगता यायचं. नाव ओठांवर यायला वेळ लागायचा. म्हणून गोळ्या-औषधांचं शिक्षण मागाहून. आधी ताठ बसून आपलं नाव घ्यायचं.

जात मात्र प्रशिक्षणालाही सोबत आली होती. एकीच्या हातचं दुसरी खाईना, अंथरुणं लांब लांब पडायची. यावर भाषण झालं नाही. सगळ्यांना मिळून एकच, भली मोठी वाकळ देण्यात आली. थंडीच्या रात्री ऊब हवी तर शेजारणीला खेटून झोपायचं, नाहीतर कुडकुडायचं. मला या संस्थेच्या सगळ्या कहाण्यांत ही वाकळ जास्त मोलाची वाटते. स्वीकार हा शब्द आपण फार सैल वापरतो. इथं त्याला लांबी-रुंदी होती.

पाण्याचंही तसंच. बोअर घ्यायची तर ती शक्यतो दलित वस्तीत लागावी अशी तजवीज डॉक्टर करायचे. मग घागर घेऊन अख्ख्या गावाला तिथंच यावं लागे. संध्याकाळी तरुण शेतकऱ्यांना जमवून ते व्हॉलीबॉल खेळत. एका बाजूला खेळणाऱ्यांत शिवाशिव कशी पाळणार? त्या खेळातून शेतकरी मंडळं उभी राहिली आणि पुढं महिला मंडळंही. कुष्ठरोग्याला वेगळ्या आवारात न टाकता बाकीच्या रुग्णांबरोबर तपासायचं, हाही शिरस्ता.

वाकळेखालच्या त्या बायांनी काय केलं? बाळंतपणं केली, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवलं, गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे हे सासवांना पटवलं. १९७१च्या सुमारास या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा तिशीच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८मध्ये या बायांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणजे छताला टांगलेलं महागडं झुंबर आणि आपण म्हणजे एकावरून दुसरा पेटवता येणारा साधा दिवा, हा फरक त्यांनी त्या सभेला समजावला. नाव विचारलं की मान खाली घालणाऱ्यांच्या पंगतीतली ही बाई.

मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. त्यांच्या मुलांनी काम पुढं चालू ठेवलं.

आता बीडचं. २०१९मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळं खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, त्यात काही दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीती; पिशवी काढली की कटकट संपली, असा हिशेब. तांड्यावर, फडात त्या बाईजवळ बसून 'तुझं नाव काय, दुखतंय कुठं' असं विचारणारी तिच्यासारखीच एखादी बाई असती, तर यातल्या कितीतरी जणी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचल्या नसत्या, असं मला वाटतं. आशाताई आता गावोगाव आहेत, पण गाव सहा महिने फडावर गेलं की आशाताईंनी कुणाचं दार वाजवायचं?

पाटोदा-आष्टीच्या सरपंचांनी, आशाताईंनी एकदा जामखेडला जाऊन यावं. एसटीनं तासाभराचीच वाट आहे.