‘वीर’, ‘वेर’ आणि ‘वैर’

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली खुला झाला आणि महाड तालुक्यातील वीर हे गावाचे नाव स्थानकाच्या पाटीवर चढले. ती पाटी वाचणाऱ्या मराठी प्रवाशाच्या मनात ‘शूर पुरुष’ हाच अर्थ उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. १६६५ मध्ये पुरंदरावर पडलेले मुरारबाजी देशपांडे याच महाड परिसरातले. १६७० मध्ये कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ शेजारच्या पोलादपूर तालुक्यात आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती मात्र अशा अर्थसाहचर्यावर ठरवावयाची नसते. त्यासाठी जुन्या कागदपत्रांतील रूपेच पाहावी लागतात. येथे विचार करावयाचा आहे तो गावाचा नव्हे, तर शब्दाचा. ‘शूर’ हा ‘वीर’ शब्दाचा मूळचा अर्थ नाही, आणि हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते जर्मानिक भाषांत.

मूळ अर्थ ‘पुरुष’ एवढाच. अवेस्तेतील ‘वीर’, लिथुआनियन ‘वीरस्’, लॅटिन ‘विर्’, प्राचीन आयरिश ‘फेर्’ ही सारी एकाच इंडो-युरोपीय शब्दाची रूपे होत. अवेस्तेत व इटलीतील उम्ब्रियन भाषेत हा शब्द पशुवाचक शब्दाशी जोडून ‘गुरे-माणसे’ अशा अर्थाने येतो. म्हणजे घरच्या मालमत्तेच्या मोजदादीत तो बसतो, रणांगणावर नव्हे. ऋग्वेदातही ‘वीर’ म्हणजे शूर पुरुष असला तरी अनेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘पुत्र’ असाच घ्यावा लागतो. पती व पुत्र नसलेल्या स्त्रीला संस्कृतात ‘अवीरा’ म्हणतात. तिच्या भित्रेपणाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. लिथुआनियनमध्ये हाच शब्द ‘नवरा’ या अर्थाने चालतो, तर पंजाबीत ‘वीर’ म्हणजे भाऊ.

जर्मानिक शाखेत गॉथिक, प्राचीन इंग्रजी व प्राचीन उच्च जर्मन या तिन्ही भाषांत त्याचा उच्चार ‘वेर’ असा होता. प्राचीन नॉर्समध्ये ‘वेर्र’. व् आणि र् ही व्यंजने टिकून राहिली, कारण ग्रिमच्या नियमाने बदलणाऱ्या स्पर्शवर्णांपैकी ती नव्हेत. बदलला तो स्वर. वैदिक ‘वीर’ शब्दाचा उदात्त अंत्य अक्षरावर आहे. पश्चिमेकडील शाखांत अशा उदात्तापूर्वीचा दीर्घ ई ऱ्हस्व झाला, म्हणून लॅटिनमध्ये ‘विर्’ असे रूप दिसते. पुढे जर्मानिकमध्ये नंतरच्या अक्षरातील अ-काराच्या प्रभावाने इ-चा ए झाला. आधुनिक जर्मनमधील ‘कोण’ या अर्थाचे ‘वेर’ मात्र अगदी निराळे. त्याचे नाते संस्कृत ‘कः’शी आहे.

प्राचीन इंग्रजीत ‘मान’ म्हणजे मनुष्यमात्र, ‘वीफ’ म्हणजे स्त्री आणि ‘वेर’ म्हणजे पुरुष अथवा पती, अशी व्यवस्था होती. पुढे ‘मान’ याने पुरुषाची जागा घेतली आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ‘वेर’ एकटा वापरातून गेला. समासांत तो जगला. लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत ‘वेअरवुल्फ’ हा शब्द आहे. तो राजा क्नूट (राज्यकाल १०१६–१०३५) याच्या कायद्यांत प्रथम आढळतो, आणि त्याची दोन्ही पदे संस्कृत ‘वीर’ व ‘वृक’ यांची सगोत्र आहेत. त्याहून नवलाचा शब्द म्हणजे ‘वर्ल्ड’. ‘वेर’ आणि वयवाचक ‘आल्ड’ मिळून तो झाला. जर्मन ‘वेल्ट’ व डच ‘वेरेल्ट’ हे त्याचेच भाऊ. अर्थ प्रथम ‘माणसाचे युग’, मग मानवी जीवन, आणि शेवटी पृथ्वी. आपला ‘जग’ शब्द गतीवरून आला, त्यांचा आयुर्मानावरून.

परंतु अभ्यासकाने विशेष थांबावे ते ‘वेरगिल्ड’ या शब्दापाशी. ‘वेर’ म्हणजे पुरुष व ‘गिल्ड’ म्हणजे भरणा. वध झालेल्या माणसाबद्दल त्याच्या आप्तांना द्यावयाचे हे मोल. वेसेक्स राज्यात सामान्य स्वतंत्र माणसाचे मोल २०० शिलिंग, तर सरदाराचे १२०० शिलिंग होते. ही रक्कम स्वीकारली की सूड घेण्याचा हक्क संपे. वैदिक वाङ्मयात याच जातीचा शब्द आहे, ‘वैरदेय’. ‘वीर’पासून ‘वैर’, म्हणजे पुरुषासंबंधीचे. आणि ‘देय’ म्हणजे द्यावयाचे. मॅक्डोनेल व कीथ यांनी १९१२ च्या ‘वैदिक इंडेक्स’मध्ये याचा अर्थ वेरगिल्ड असाच घेतला आहे. आपस्तंब व बौधायन यांच्या धर्मसूत्रांत दरही दिलेले आहेत: क्षत्रियाच्या वधाबद्दल १००० गाई, वैश्याच्या वधाबद्दल १००, शूद्राच्या वधाबद्दल १०, आणि प्रत्येक वेळी वर एक बैल. ब्राह्मणाचा वध या दरपत्रकात बसत नाही. वेसेक्समध्ये वरच्या व खालच्या माणसाच्या मोलाचे प्रमाण सहास एक होते. येथे ते शंभरास एक. ‘वीर’ म्हणजे पुरुष खरा, पण सारे पुरुष सारख्या किमतीचे नव्हते, ही गोष्ट दोन्हीकडच्या स्मृतिकारांनी आकड्यांत नोंदवून ठेवली आहे.

मराठीत या शब्दाचा प्रवास दोन वाटांनी झाला. हिंदीप्रमाणे ‘बीर’ न होता व-कार टिकल्यामुळे रूपावरून तत्सम कोणता व परंपरागत कोणता हे ओळखता येत नाही; अर्थावरून काहीसे ओळखता येते. ग्रंथांतला वीर जिवंत असतो. लोकव्यवहारातला वीर बहुधा मेलेला असतो. देवघरातल्या टाकावर तो असतो, नाशिककडे होळीच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत तो नाचविला जातो, आणि गावाबाहेर वीरगळावर तो कोरलेला असतो: खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला नेत आहेत, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. या ‘वीरगळ’ शब्दाचे उत्तरपद कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड.

‘वैर’ शब्दातला भरण्याचा अर्थ मात्र लोपला आणि उरले केवळ शत्रुत्व. तरी बौधायनाने गोदानाचा हेतू सांगताना ‘वैरनिर्यातन’ हा शब्द योजिला आहे, आणि ‘निर्यातन’ म्हणजे परत करणे, ऋण चुकविणे. मराठी माणूस आजही वैर ‘उगवतो’. आणि महसूल किंवा येणे वसूल करण्याला जुन्या मराठीत ‘उगवणी’ म्हणत.