अकराव्या वर्षाची चाळणी

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमधील केंट, बकिंगहॅमशर यांसारख्या परगण्यांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या घरी एक निराळेच वातावरण पसरते. सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलेली असते आणि पाठोपाठ 'इलेव्हन प्लस' ही परीक्षा दारात येऊन उभी राहते. इंदूर, बडोदे, बेळगाव येथील ज्या कुटुंबांची मुलेबाळे लंडन वा स्लाउ या बाजूस स्थायिक झाली आहेत, त्यांच्या दूरध्वनीवरील बोलण्यातही हे नाव आता वरचेवर येते. नातवाला खेळायला वेळ का मिळत नाही, या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा याच परीक्षेत असते.

'ग्रामर स्कूल' या नावातील व्याकरण मूळचे लॅटिनचे. पाद्री, वकील, कारकून यांना लॅटिन शिकविण्यासाठी स्थापन झालेल्या या जुन्या शाळा. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्याने सरकारी साहाय्याच्या माध्यमिक शाळांतील फी बंद झाली, आणि अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार ठरलेल्यांना ग्रामर शाळेत व उरलेल्या बहुतेकांना 'सेकंडरी मॉडर्न' शाळेत पाठविण्याची पद्धत देशभर रूढ झाली. एका सकाळच्या उत्तरपत्रिकेवर मुलाची वाट ठरावी, हे पुढे अनेकांना खटकू लागले. १९६५ साली शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी सर्वांसाठी एकच शाळा असावी अशा आशयाचे परिपत्रक काढले आणि बहुतेक परगण्यांतून ही परीक्षा हळूहळू गेली. आज इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. शंभरांतील पाचच्या आसपास माध्यमिक विद्यार्थी त्यांत शिकतात. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढण्यास बंदी आहे. जुन्या शाळेला वर्ग वाढविता येतात, एवढीच काय ती सवड.

येथेच पालकांच्या काळजीचे मूळ आहे. उत्तीर्ण होण्याची रेषा मुलाच्या बुद्धीवरून आखली जाते अशी सर्वसामान्य समजूत असते. वस्तुतः ती बाकांच्या संख्येवरून आखली जाते. याचे बोलके उदाहरण बर्मिंगहॅमचे. त्या शहरात निवडीच्या शाळांत मुलांसाठी सुमारे ५४० आणि मुलींसाठी सुमारे ३६० जागा होत्या. त्यामुळे मुलीला प्रवेशासाठी मुलापेक्षा अधिक गुण मिळवावे लागत. हा मुलींवर अन्याय असल्याचा निर्णय १९८९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला. तेच गुण मिळवून भाऊ हुशार ठरे आणि बहीण नापास. आणि ती बिचारी स्वतःलाच दोष देत असणार.

आजही सर्व ग्रामर शाळांची रीत एक नाही, आणि पालकांचा गोंधळ होतो तो बहुधा यामुळेच. केंटमध्ये परगण्यातील सुमारे चौथा हिस्सा मुले पात्र ठरतील अशा बेताने रेषा ठेवतात. त्यानंतर बहुतेक शाळा घराचे अंतर, शाळेत असलेले भावंड अशा गोष्टी पाहतात. म्हणजे पात्रता मिळाली तरी हव्या त्या शाळेत जागा मिळेलच असे नाही. उलट लंडनच्या आसपासच्या काही शाळा वरून खाली क्रमाने गुण लावून मुले घेतात. तेथे दोनशेहूनही कमी जागांसाठी दोन हजारांवर मुले बसतात. हा आकडा ऐकून छाती दडपते खरी; परंतु एकच मूल तीन-चार ठिकाणी परीक्षा देते आणि प्रत्येक यादीत पुन्हा मोजले जाते, हे कोणी सांगत नाही. जागा मात्र शेवटी ते एकच घेते.

तरीही चुरस वाढली नाही असे म्हणता येणार नाही. खासगी शाळांची फी आधीच अनेकांच्या आवाक्याबाहेर होती. १ जानेवारी २०२५ पासून तिच्यावर २० टक्के कर बसला. अशा शाळांचा विचार करणारी काही कुटुंबे ग्रामर शाळांकडे वळतील, ही इतर पालकांची भीती निराधार नव्हे. शिवाय शिकवण्या आहेतच. शिकवणीचा उपयोग होऊ नये अशी प्रश्नपत्रिका काढण्याचे प्रयत्न झाले, परंतु त्यांना फारसे यश आले नाही. नव्या धर्तीचा पेपर आला की त्याच्या सरावाची पुस्तकेही दुकानात येतात. २०१३ साली सटन ट्रस्ट या संस्थेने दाखवून दिले की, ग्रामर शाळांत प्रवेश मिळविणाऱ्यांत शाळेतील मोफत जेवणास पात्र अशी गरीब मुले शंभरांत तीनही नव्हती. गरीब घरच्या बुद्धिमान मुलाला वर नेणारी शिडी म्हणून जिचे कौतुक होते, त्या शाळेची ही स्थिती आहे.

प्रवेशाच्या अर्जाविषयी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अर्जाची अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर, आणि जागेचा निर्णय कळतो तो पुढील १ मार्चच्या सुमारास. अर्जात शाळांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहावयाची असतात. पण आपल्याला कितवा क्रम दिला आहे याचा विचार करून शाळेला मूल निवडता येत नाही. तशी पद्धत २००७ च्या प्रवेश-नियमावलीने बंद केली. म्हणून मनातील खरा क्रमच लिहावा. 'दुसरा क्रमांक दिला तर शाळा रागावेल' हा सल्ला शेजारणीकडून आला तरी तो जुना झाला आहे. मात्र यादीत सर्वच शाळा ग्रामर असू नयेत. ज्या साध्या शाळेत जागा मिळण्याची रास्त आशा आहे, अशी एखादी, शक्यतो प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली, तीत असलीच पाहिजे. नाहीतर रिकामी जागा जेथे उरली असेल त्या दूरच्या शाळेत मुलाला रोज दोन बसगाड्या बदलून जावे लागेल. निर्णय मान्य नसेल तर स्वतंत्र मंडळापुढे अपील करता येते. आणि सोळाव्या वर्षी, अंतिम दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, अनेक ग्रामर शाळा बाहेरच्या मुलांना माध्यमिक परीक्षेच्या गुणांवर पुन्हा प्रवेश देतात. त्या वेळी अकराव्या वर्षीचा निकाल विचारला जात नाही.