जहाज निघून जातं, पट्टीश्वरम् जागेवर असतं

कुंभकोणमच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर पट्टीश्वरम् आहे. तिथलं धेनुपुरीश्वराचं देऊळ, तमिळनाडूतल्या बहुतेक देवळांसारखं, दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतं. मुंबई-पुण्याहून ‘दक्षिण भारत’ करायला निघालेल्या सहलीच्या बसला कुंभकोणमसाठी बहुधा अर्धाच दिवस असतो. त्यात आदि कुंभेश्वर, सारंगपाणी, महामहम तलाव, दारासुरम आणि जमलं तर पट्टीश्वरम्. यातल्या एका ठिकाणी अर्धा तास जास्त गेला की यादीतलं शेवटचं नाव गळतं, आणि ते पुष्कळदा पट्टीश्वरमच असतं.

मग सहल कंपनीबरोबर जावं की गाडी आपली करावी? दिवाळीच्या सुट्टीआधी घरोघरी होणारी ही चर्चा सगळ्यात धारदार होते ती समुद्रावर, म्हणून आधी तिकडे पाहू.

क्रूझ आता मराठी माणसाला नवी राहिलेली नाही. सप्टेंबर 2021पासून ‘कॉर्डेलिया’चं जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. परदेशातल्या क्रूझवर जाणारी मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी निघतं. मधल्या सहा-आठ तासांत शहर बघायचं, तर दोन मार्ग असतात. जहाजानेच आखलेली सहल घ्यायची, नाहीतर बंदराबाहेर पडून स्वतःची टॅक्सी करायची. जहाजाची सहल बहुतेक वेळा महाग पडते. तिची बस आणि गाईडही जहाजाचे नसतात, ते त्याच गावातल्या एखाद्या कंत्राटदाराचे असतात. तरी लोक जास्त पैसे मोजतात, कारण ते पैसे प्रेक्षणीय स्थळाचे नसून वेळेच्या हमीचे असतात. जहाजाची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, किंवा मागे राहिलेल्यांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपली टॅक्सी अडकली तर जहाज निघून जातं. पुढचं विमान, हॉटेल, व्हिसा, सगळं आपल्या खिशातून.

मार्च 2024मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटावर हेच घडलं. खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी वेळेत परतले नाहीत आणि ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाज त्यांना मागे ठेवून निघालं. पुढच्या बंदरात जहाज गाठायचं म्हणून ते गांबियाला निघाले, तर हवामान आणि ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. अखेर कित्येक देश ओलांडून सेनेगलमधल्या डकारला त्यांना जहाज सापडलं.

म्हणून दर ताडून पाहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: उशीर झाला तर आपलं काय जाणार आहे? लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय उतरताच येत नाही. तिथे जहाजाच्या व्यवस्थेनेच जायचं, निवड उरतच नाही. मुरगाव बंदरातून जुन्या गोव्याची चर्च बघायची किंवा कोचीत फोर्ट कोची फिरायचं, तर अंतर कमी आणि रस्ते माहितीतले. तिथे चार जणांत टॅक्सी करावी आणि जहाजात परतायच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी बंदर गाठावं. बंदर आणि प्रेक्षणीय स्थळ यांच्यात दोन-तीन तासांचा रस्ता असेल, तर मी तरी जहाजाचीच सहल घेईन.

आता हाच प्रश्न घेऊन कुंभकोणमला या. इथे मागे ठेवून जाणारं काही नाही. संध्याकाळची एक गाडी चुकली तर दुसरी मिळते, राहायला गावात लॉज आहेत, पट्टीश्वरमला नगर बस जाते. साध्या भाड्याच्या नगर बसमध्ये 2021पासून बायकांना तिकीटही नाही. ज्या हमीसाठी क्रूझवर जास्त पैसे द्यायचे, त्या हमीची गरजच इथे फारशी पडत नाही. उलट कंपनीच्या बसची वेळ पाळण्याच्या नादात देवळाची वेळ चुकते, आणि या मुलखात देवळाची वेळच महत्त्वाची.

पट्टीश्वरमला दोन तास दिले तर काय मिळतं, ते सांगतो. कामधेनूची मुलगी पट्टी हिने इथे शिवाची पूजा केली, अशी कथा आहे. पण लक्षात राहते ती दुसरी कथा. सातव्या शतकातला बालसंत तिरुज्ञानसंबंधर उन्हातून चालत येत होता. शिवाने त्याच्यासाठी मोत्यांचा मांडव पाठवला आणि तो येताना दिसावा म्हणून नंदीला बाजूला सरकायला सांगितलं. इथले नंदी आजही गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाहीत. आनी महिन्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या काळात, त्या मोत्यांच्या मांडवाचा उत्सव होतो. देवळातली दुर्गा मूळची चोळांच्या राजवाड्याच्या दारावरची, असं लोक मानतात. राहुकाळात तिच्यासमोर लिंबाच्या सालीत दिवे लावायला बायकांची रांग लागते. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा, रविवारचा साडेचार ते सहा. ही पूजा बघायची की गर्दी टाळायची, हे ठरवून वार निवडावा.

देवळात गोविंद दीक्षित आणि त्यांच्या पत्नीच्या मूर्ती आहेत. तंजावरच्या नायक राजांचे हे मंत्री. महामहम तलावाभोवतीचे सोळा मंडप त्यांनीच बांधवले. शेजारी चालत जाण्याच्या अंतरावर तिरुसत्तिमुत्रमचं शिवालय आहे. जवळच पळैयारै, चोळांची जुनी राजधानी. आज तिथे शेतं आणि विखुरलेली देवळं आहेत. ‘पोन्नियिन सेल्वन’ चित्रपट पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. याच परिसरात राजेंद्र चोळाने आपली सावत्र आई पंचवन मादेवी हिच्या स्मरणार्थ बांधलेलं छोटं देऊळ आहे. ज्याने गंगेपर्यंत सैन्य पाठवलं, त्या राजाने सावत्र आईसाठी बांधलेली ही वास्तू. सहलीच्या बसच्या यादीत ती क्वचितच असते.

स्वतःची गाडी असेल तर मराठी माणसाने आणखी दोन ठिकाणं जोडावीत. तिरुविडैमरुदूरला महालिंगस्वामींचं भव्य देऊळ आहे. 1798मध्ये गादी गेल्यावर तंजावरचे अमरसिंह भोसले याच गावी राहिले. तिथून पुढे गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं अलीकडचं देऊळ आहे. त्याचं शिखर आपल्याकडच्या वळणाचं आहे आणि तमिळ भाविकांच्या तोंडी मराठी अभंग ऐकू येतात.

नवग्रहांची यात्रा मात्र वेगळी. नऊ देवळं तंजावरजवळच्या तिंगळूरपासून पूमपुहारच्या किनाऱ्याजवळच्या कीळपेरुंपळ्ळमपर्यंत पसरली आहेत. शनीचं तिरुनळ्ळार तर कारैकालमध्ये, म्हणजे पुदुच्चेरीच्या हद्दीत. ती एका दिवसात करायची, तर दुपारचे बंद तास सांभाळून क्रम लावावा लागतो आणि नवख्याला ते जमणं कठीण. तमिळनाडूच्या एसटी महामंडळाने फेब्रुवारी 2024मध्ये कुंभकोणमहून शनिवार-रविवारी नवग्रह बस सुरू केली, तेव्हा तिकीट 750 रुपये होतं. एकट्या-दुकट्याने जायचं असेल आणि दिवस एकच असेल तर आखलेली बसच घ्यावी. दोन दिवस असतील तर गाडी करावी.

गाडी ठरवताना भाडं किलोमीटरवर आहे की दिवसावर, रोज कमीत कमी किती किलोमीटर धरणार, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता (तिकडे ‘बाटा’ म्हणतात) त्यात आहे का, हे आधी विचारून घ्यावं. देवळांची यादी तमिळमध्ये लिहून घेऊन चालकाच्या हाती द्यावी, कारण हिंदी सगळ्यांना येतेच असं नाही. सकाळी सातला पट्टीश्वरम्, मग दारासुरम, बाराला केळीच्या पानावर जेवण, ऊन उतरेपर्यंत विश्रांती आणि चारनंतर उरलेली देवळं. या मुलखात दिवस असाच मांडावा लागतो.

सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील, औषधं आणि पथ्य सांभाळायचं असेल, तर कंपनीची सहल घ्यायला अजिबात संकोच करू नये. फक्त पैसे भरण्याआधी एवढं विचारावं: पट्टीश्वरमला बस किती वाजता पोचेल? उत्तर साडेअकरानंतरचं असेल तर क्रम बदलून मागावा.

एक काळ मात्र असा आहे, जेव्हा इथेही जहाजाचाच नियम लागू होतो. दर बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव 2016मध्ये झाला, पुढचा 2028मध्ये आहे. त्या दिवसांत लाखो लोक या छोट्या गावात उतरतात, रस्ते बंद होतात आणि ऐनवेळी खोली मिळत नाही. 2028ला जायचं ठरवलं असेल तर व्यवस्था कंपनीवर सोपवा आणि बुकिंग आधीच्या वर्षीच करून टाका.