पेंटबॉल : परिभाषा, साधने व खेळाचे प्रकार

‘पेंटबॉल’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडील मुलांच्याही तोंडी येऊ लागला आहे. लोणावळ्यासारख्या सहलीच्या ठिकाणी या खेळाची मैदाने झाली आहेत. तेथून परतलेला विद्यार्थी ‘बंदुकीच्या खेळा’चे वर्णन रंगवून सांगतो, तेव्हा कोणास तो रंगपंचमीचाच एक प्रकार वाटतो, तर कोणास लुटुपुटीची लढाई. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. या खेळातील शब्द नीट समजून घेतले म्हणजे खेळाचे स्वरूप तर उलगडतेच, शिवाय त्यात धोका नेमका कोठे आहे हेही कळते.

खेळाडू आपल्या हातातील साधनास बंदूक न म्हणता ‘मार्कर’, म्हणजे खूण करणारे साधन, असे म्हणतात. हा केवळ शब्दाचा सोवळेपणा नव्हे. अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनी जंगलातील झाडांवर खुणा करण्याचा रंग तयार करीत असे. ओढ्यापलीकडील किंवा दाट झुडपांतील झाडापर्यंत न जाता त्यावर रंगाची खूण उठविता यावी, म्हणून रंगाने भरलेली गोळी वायूच्या दाबाने फेकणारे पिस्तूल निघाले. हवेच्या बंदुका बनविणाऱ्या डेझी कंपनीने ते तयार केले होते. गुराखीही कळपातील विशिष्ट जनावर ओळखता यावे म्हणून त्याचा उपयोग करीत.

या कामाच्या वस्तूचा खेळ झाला तो १९८१ साली. न्यू हॅम्पशर राज्यातील लेखक चार्ल्स गेन्स आणि त्यांचे मित्र हेज नोएल यांच्यात एक वाद होता. अरण्यात तग धरण्यास शहरी माणसाची चलाखी अधिक उपयोगी की रानात वावरलेल्याचे कसब, असा तो वाद. त्याचा निकाल लावण्यासाठी बॉब गर्न्सी यांच्या साहाय्याने खेळाचे नियम ठरले आणि २७ जून १९८१ रोजी हेनिकर या गावाजवळील जंगलात बारा जण उतरले. निरनिराळ्या ठिकाणी लावलेली निशाणे गोळा करून जो सुखरूप बाहेर येईल, तो विजयी. जिंकला तो पेशाने वनकर्मी असलेला एक गडी, आणि त्याने अखेरपर्यंत एकही गोळी उडविली नाही! नेमबाजीपेक्षा लपणे, वाट शोधणे व धीर धरणे यांवर हा खेळ अधिक अवलंबून आहे, हे त्या पहिल्याच दिवशी दिसून आले.

गोळीचा व्यास सुमारे ०.६८ इंच, म्हणजे १७ मिलिमीटरांच्या आसपास असतो. मुलांच्या खेळण्यातील गोटीहून ती किंचित मोठी. वजन सुमारे तीन ग्रॅम. औषधाच्या मऊ कॅप्सूलप्रमाणे तिचे कवच जिलेटिनचे असते. आत पूर्वी तैलरंग असे. आता पाण्याने धुऊन जाणारा रंग असतो. जिलेटिन दमट हवेत फुगते, गोळीचा गोल आकार बिघडतो आणि ती नळीत फुटते. कोकणातील पावसाळ्यात या गोळ्या उघड्यावर ठेवल्यास काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. मार्करवर गोळ्यांचे जे भांडे बसवितात त्यास ‘हॉपर’ म्हणतात. गोळी फेकण्यास कार्बन डायऑक्साइड किंवा दाबाखालील हवा वापरतात. कार्बन डायऑक्साइड नळकांड्यात द्रवरूपाने असतो व त्याचा दाब तपमानानुसार बदलतो. थंडीत गोळी अलीकडेच पडते. कडक उन्हात तीच अधिक वेगाने सुटते. म्हणून खेळापूर्वी प्रत्येक मार्कर वेगमापक यंत्रापुढे तपासतात. सेकंदास ३०० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर, ही सर्वसाधारण कमाल मर्यादा होय. पुष्कळ मैदानांवर ती याहूनही कमी ठेवतात.

अंगावर ही गोळी बसली तर चटका लागतो, काळानिळा वळ उठतो व काही दिवसांनी जातो. डोळ्याची गोष्ट निराळी. डोळ्याभोवती हाडाची कड आहे. क्रिकेटचा चेंडू तोंडावर आदळला तर त्याचा पुष्कळसा आघात ही कड झेलते, कारण चेंडू खोबणीहून मोठा असतो. पेंटबॉलची गोळी त्या कडेला न लागता सरळ बुबुळावर जाते. विटीदांडूत विटीने डोळा गमावलेली मुले खेड्यापाड्यांतून आढळतात, त्यांचे दुर्दैवही याच कारणाचे. आत रक्तस्राव होणे, भिंग सरकणे, दृष्टिपटल सुटणे अशा इजा होतात व दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून या खेळातील सर्वांत महत्त्वाचे साधन मार्कर नसून मुखवटा आहे. डोळे, कान व तोंड झाकणारा, याच खेळासाठी बनविलेला मुखवटाच चालतो. साधा चष्मा किंवा मोटारसायकलचा गॉगल चालत नाही. काच घामाने धुरकट झाली की ती पुसण्यासाठी मुखवटा क्षणभर वर करण्याचा मोह होतो, आणि अपघात बहुधा त्याच क्षणी होतो. काच धुरकटल्यास मुखवटा न काढता पंचास हाक द्यावी व त्याच्याबरोबर जाळीबाहेर यावे, हीच रीत आहे. जाळीबाहेर मार्करच्या नळीवर कापडी आवरण चढविलेले असले पाहिजे.

गोळी अंगावर फुटून रंगाचा डाग पडला की गडी बाद. न फुटता उडाली तर बाद नाही. डाग पडला किंवा नाही याची शंका आल्यास पंचाकडून तपासून घेतात. त्यास ‘पेंट चेक’ म्हणतात. दाट झाडीत पंच सर्वत्र कसा असणार? तेथे गड्याने स्वतःच हात वर करून ‘बाद’ म्हणावयाचे असते. डाग गुपचूप पुसणे, म्हणजे ‘वायपिंग’, हा या खेळातील सर्वांत लाजिरवाणा दोष मानतात. बाद झालेल्यावर पुन्हा गोळ्या झाडणे, म्हणजे ‘ओव्हरशूटिंग’, हाही दोषच. हुतूतूत मेलेल्या गड्यास कोणी पुन्हा धरून पाडीत नाही.

खेळाचे प्रकार अनेक, पण मुख्य भेद जागेचा. झाडीत खेळतात तो ‘वुड्सबॉल’. यात आडोसा निसर्गाचा आणि डाव सावकाशीचा. सपाट, आखीव मैदानावर हवा भरलेले आडोसे दोन्ही बाजूंस सारखे मांडून खेळतात तो ‘स्पीडबॉल’. येथे डाव काही मिनिटांतच आटोपतो. आडोशास ‘बंकर’ म्हणतात आणि लांब, बुटक्या आडोशास ‘स्नेक’. त्यामागून सरपटतच जावे लागते. ‘सिनारिओ’ प्रकारात एखाद्या कथेचा किंवा इतिहासातील लढाईचा आधार घेऊन तासन्‌तास खेळतात. बहुतेक प्रकारांत प्रतिपक्षाचे निशाण आणणे किंवा त्याचे सर्व गडी बाद करणे, हाच उद्देश असतो. १९९०च्या दशकात विजेच्या घटावर चालणारे मार्कर आले व सेकंदास दहाहून अधिक गोळ्या सुटू लागल्या. तथापि प्रत्येक गोळीस हाताने दट्ट्या ओढावा लागणारा जुना ‘पंप’ मार्कर पसंत करणारे खेळाडू आजही आहेत. गोळ्या मोजक्याच असल्या की विचार आपोआप अधिक होतो, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही.

लहान मुलांसाठी काही मैदानांवर ०.५० इंच व्यासाच्या हलक्या गोळ्या व कमी जोराचे मार्कर ठेवतात. त्यांचा वळ कमी उठतो. ती गोळी खोबणीत मात्र मोठ्या गोळीहूनही सहज शिरते. म्हणून सहलीस नेणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या मुखवट्याचा पट्टा घट्ट बसला आहे की नाही, हे जाळीच्या दारातच स्वतः ओढून पाहावे.