बॅज नसलेली सायकल आणि पुराव्याचं वजन

संशोधनात उतरायचं ठरवलंय ना? मग एक प्रश्न तुमची पाठ सोडणार नाही: "हे कशावरून?" आज तो आपण एका जुन्या सायकलला विचारून बघू.

समजा, बोईसर-तारापूरकडच्या एका घराच्या पडवीत रॉड ब्रेकची काळी सायकल आहे. बॅज नाही, रंग दोनदा मारलेला. घरचे म्हणतात, "ब्रिटिशांच्या काळातली." भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाय. कंपनी कोणती, साल कोणतं?

आकारावर जाऊ नका

२८ इंची चाकं, रॉड ब्रेक, काळा रंग हा इंग्लंडचा साचा आपल्याकडे कित्येक दशकं तसाच बनत राहिला. १९४० ची आणि १९७० ची सायकल लांबून जवळपास सारखीच दिसते. आकार फक्त प्रकार सांगतो.

काय बदललं असेल?

टायर, सीट, पेडल सतत बदलतात. चाकं आणि चेनव्हील कधीतरी. फ्रेम क्वचितच. म्हणजे पुराव्याचं वजनही त्याच क्रमाने वाढतं.

चेनव्हीलवर बगळा दिसला की रॅले, धावणारी माणसं दिसली की हंबर. ओळख सोपी आहे, पण कुठलाही मेकॅनिक चेनव्हील बदलू शकतो. म्हणून फ्रेमकडे या:

१. बॅज गेला तरी त्याची भोकं उरतात. उभी आहेत की आडवी ते बघा, अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि ओळख पक्की असलेल्या सायकलींशी ताडून बघा.

२. नंबर सीटखालच्या जोडावर किंवा पेडलच्या धुरीखाली असतो. पण प्रत्येक कंपनीची मालिका वेगळी. कंपनी ठरल्याशिवाय नंबरला अर्थ नाही.

३. पेडलच्या धुरीच्या कपाचे आटे मोजा. रॅलेचे इंचाला २६, बहुतेक इतर इंग्लिश कंपन्यांचे २४. हे रंगाने झाकत नाही. मात्र हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये रॅलेकडे गेली. त्यामुळे २६ आट्यांवरून फार तर गट कळतो.

साल दोन्ही बाजूंनी आवळा

आधी खालची मर्यादा, म्हणजे 'याच्या आधीची असूच शकत नाही'. अ‍ॅटलस १९५१ ची, हीरो सायकल्स १९५६ ची. तेव्हा त्यांची फ्रेम ब्रिटिश काळातली नाही. हर्क्युलस मात्र फसवते: आधी ती बर्मिंगहॅमहून यायची, १९५० च्या दशकात मद्रासला बनू लागली. रॅलेचंही तेच, आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. आपल्याला जवळचा कारखाना मुंबईत वरळीला, हिंद सायकल्सचा. हिंद आणि सेन-रॅले या दोन्हींचं १९८० मध्ये एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं. थोडक्यात, 'ब्रिटिश नावाची' आणि 'ब्रिटिश काळातली' हे दोन वेगळे दावे आहेत.

आता वरची मर्यादा. पूर्वी नगरपालिका, ग्रामपंचायती सायकलवर कर घेऊन बिल्ला द्यायच्या. बिल्ला याच सायकलचा असेल, तर त्यावरच्या साली ती अस्तित्वात होती. जुनी पावती शोधताना 'जि. ठाणे' बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा आहे.

पॉलिश पेपर लांब ठेवा

खाऱ्या हवेने नंबर आधीच पुसट झालेला असतो, घासलात तर उरलासुरलाही जाईल. आधी टॉर्च बाजूने तिरपा धरून फोटो काढा. मग कापडाला जरासं रॉकेल लावून हलक्या हाताने पुसा. रंगाचे थर खरवडू नका, तेही पुरावाच आहेत.

निष्कर्ष लिहिताना

"रॅले, १९४८" असं ठोकून देऊ नका. असं लिहा: "आटे २६, म्हणून फ्रेम बहुधा रॅले गटाची, नॉटिंगहॅमची की आसनसोलची, ठरत नाही. मागच्या हबवर १९५२, पण हब बदललेला असू शकतो. बिल्ला १९५८ चा. तो याच सायकलचा असेल, तर फ्रेम त्याआधीची." प्रत्येक वाक्यामागे पुरावा आहे आणि कुठलं वाक्य कशाने पडेल हेही दिसतंय.

घरच्यांची आठवणही टाकून देऊ नका. कोणी घेतली, कुठून घेतली, तेव्हा घरात काय चाललं होतं, हे त्यांच्याच शब्दांत वेगळं लिहून ठेवा आणि शेवटी लोखंडाशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर खरा प्रश्न तिथे सुरू होतो. फक्त हे सगळं भंगारवाला परत यायच्या आत करा.